वतने वाटली त्यांनीच वतनाचा धोका सांगितला : हुकमतपनाह रामचंद्रपंत अमात्य

मंडळी, तलाठी कार्यालयात बसून ज्यांनी जुने फेरफार चाळले असतील त्यांना इनाम आणि वतन हे दोन शब्द नवे नाहीत. एखाद्या जमिनीचा उतारा काढायला जावे आणि इतर हक्कात कुठेतरी जुनी वतनाची नोंद निघावी, की सुरू झाले. वारसांची भांडणे, नजराणा, परवानगी, प्रांत कचेरीचे हेलपाटे. वतने कायद्याने जाऊन साठ-सत्तर वर्षे झाली, पण कागदातून ती पुरती गेलेली नाहीत आणि काही घरांच्या डोक्यातूनही गेलेली नाहीत.

आज ज्या माणसाची हकीकत तुमच्यापुढे मांडायची आहे, त्याने या महाराष्ट्रात वतनाच्या आणि इनामाच्या कितीतरी सनदा दिल्या. आणि त्याच माणसाच्या नावे चालत आलेल्या ग्रंथात, वतन आणि इनाम वाटत सुटणारे राज्य कसे हातचे जाते, हे इतक्या स्पष्टपणे लिहिले आहे की मराठीत दुसऱ्या कोणी ते तसे लिहिले नसेल. हा माणूस म्हणजे रामचंद्रपंत अमात्य. शाळेच्या पुस्तकात नाव वाचले असेल, 'आज्ञापत्र' हा शब्दही कानावरून गेला असेल. पण गावकीचा, जमिनीचा आणि कारभाराचा या माणसाशी केवढा संबंध आहे, हे फारसे कोणी सांगत नाही.

त्यांचा जन्म १६५० च्या सुमाराचा. वडील निळो सोनदेव हे शिवाजी महाराजांचे मुजुमदार, म्हणजे राज्याचा सारा जमाखर्च पाहणारे. कल्याण घेणारे आबाजी सोनदेव हे त्यांचे चुलते. म्हणजे पोरगा वाढला तो वह्या, हिशेब आणि मोहिमांच्या गोष्टींत. १६७२ च्या सुमारास वडील गेले आणि काम मुलांकडे आले. ६ जून १६७४ रोजी रायगडावर राज्याभिषेक झाला तेव्हा आठ प्रधानांत अमात्य म्हणून रामचंद्र निळकंठ उभे होते, वय जेमतेम चोवीस-पंचवीस. अमात्याचे काम तसे बिनझगमगाटाचे. लढाई जिंकली की नाव सेनापतीचे, पण घोड्याला चंदी, गडाला धान्य आणि शिपायाला पगार कुठून आला ते अमात्याच्या वहीत. ग्रामपंचायतीचे दप्तर ज्यांनी ओढले आहे त्यांना हे वेगळे सांगायला नको.

त्या काळातले वतन म्हणजे काय, ते आधी नीट ध्यानात घ्या, नाहीतर पुढचे कळायचे नाही. वतन म्हणजे नुसती जमीन नव्हे. पिढीजात काम, त्या कामाबद्दल मिळणारा हक्क आणि त्याला जोडून असलेली जमीन, असे हे तिहेरी असे. गावात पाटील आणि कुळकर्णी, परगण्यावर देशमुख आणि देशपांडे. सारा गोळा करायचा यांनी, वर पोचता करायचा यांनी आणि मध्ये आपला हक्क काढून घ्यायचा यांनीच. राजा बदलला, सुलतान बदलला, तरी वतनदार जागेवरून हलत नसे. रयतेला राजा कधी दिसायचा नाही, दिसायचा तो देशमुखाचा वाडा. अनेकांनी तर वाड्याला बुरूज घालून, बंदुकीची माणसे बाळगून लहानसे राज्यच मांडले होते.

शिवाजी महाराजांनी इथेच हात घातला. सभासदाच्या बखरीत याची हकीकत आहे. वतनदारांचे कोट आणि वाडे पाडले, त्यांचा हक्क किती तो ठरवून दिला, वसुली सरकारी कारकुनांच्या हाती आणली. लष्कराला आणि चाकरांना पगार द्यायचा, जमिनी तोडून द्यायच्या नाहीत, हे धोरण ठेवले. वतने बुडवली नाहीत हं, पण वतनदाराला त्याच्या जागी बसवले. तरुण रामचंद्रपंत हे सगळे जमाखर्चाच्या बाजूने बघत होते. एक गाव इनाम गेले की वहीत किती कमी पडते, ते आकड्यात दिसते. भाषणात दिसत नाही.

पुढे सगळेच फिरले. १६८० मध्ये महाराज गेले. औरंगजेब बादशहा अफाट फौज घेऊन दक्षिणेत उतरला. १६८९ च्या फेब्रुवारीत संगमेश्वरी संभाजीराजे पकडले गेले, मार्चमध्ये त्यांना हाल करून मारले. त्याच वर्षी रायगड पडला, येसूबाई आणि लहानगे शाहू बादशहाच्या कैदेत गेले. राजाराम महाराज निसटून पन्हाळ्यावर आणि तिथून थेट तमिळ मुलखात जिंजीच्या किल्ल्यात. इकडे महाराष्ट्रात राजा नाही, राजधानी नाही, खजिना नाही. गडामागून गड मोगलांच्या हाती चाललेला.

अशा वेळी मागे कोण राहिले? रामचंद्रपंत. राजाराम महाराजांनी त्यांना हुकमतपनाह हा किताब आणि स्वतःच्या अखत्यारीत निर्णय घेण्याचा अधिकार दिला. जिंजीला निरोप जाऊन उत्तर येईतो इकडे दोन गड हातचे जायचे, म्हणून हा अधिकार. जोडीला शंकराजी नारायण सचिव आणि परशुराम त्रिंबक, मैदानात संताजी घोरपडे आणि धनाजी जाधव. अमात्यांनी आपले ठाणे विशाळगडावर ठेवले आणि पुढची आठ-नऊ वर्षे इथला कारभार ओढला. १६९२ मध्ये पन्हाळा परत आला, पाठोपाठ आणखी गड आले. एवढे लिहायला एक ओळ लागते, पण पगार द्यायला पैसा नसताना माणसे लढती ठेवणे म्हणजे काय, याचा विचार करा.

खरी अडचण होती ती वतनदारांची. औरंगजेब काही कच्चा नव्हता. त्याने ओळखले, या मुलखात गावाचा सारा कोणाकडे जातो ते देशमुख ठरवतो, घाटवाट कोणती ते देशमुखाला ठाऊक, दाणावैरण कुठे पुरून ठेवली तेही त्यालाच ठाऊक. मग त्याने वतनांची कागदे आणि मनसबी पुढे केल्या. आमच्याकडे या, वतन पक्के करून देतो. भावकीचा वाटाही तुमच्याच नावे करतो. आणि माणसे गेली. निवडणुकीच्या आदल्या रात्री पार्टी बदलणारे तुम्ही पाहिले असतील, हे तसेच, फक्त इथे पणाला सगळा मुलूख होता. एकाच घरातला थोरला मोगलांकडे आणि धाकटा इकडे असेही व्हायचे. कोणीही जिंको, वतन घरात राहिले म्हणजे झाले.

रामचंद्रपंतांपुढे दोन वाटा होत्या. थोरल्या महाराजांचे धोरण धरून बसायचे आणि वतनदार गमवायचे, किंवा बादशहा देतो तेच आपणही द्यायचे. त्यांनी दुसरी वाट धरली. जिंजीहून राजाराम महाराज आणि इकडे अमात्य, सचिव यांच्याकडून वतनाच्या आणि इनामाच्या सनदा निघू लागल्या. जो मोगलांकडून परत येईल त्याचे वतन त्याला, जो नवा मुलूख सोडवील त्याला त्यात सरंजाम. सरंजाम म्हणजे एवढ्या गावांचे उत्पन्न घ्या, त्यावर एवढी फौज बाळगा, सरकारकडे पगार मागू नका. १६९१ मध्ये हणमंतराव घोरपडे यांना लिहून दिलेल्या करारात तर रायगड, विजापूर, भागानगर, औरंगाबाद असे करत थेट दिल्ली घेण्यापर्यंतची बक्षिसे ठरवली होती. हातात रोकड नसलेल्या राज्याने न जिंकलेल्या मुलखावर हुंड्या काढल्या, असे म्हणा हवे तर.

त्याचा उपयोग झाला, हे नाकारता येत नाही. पांगलेली घराणी परतली, पथके उभी राहिली, बादशहाची फौज गावोगावी अडकून पडली. १७०७ मध्ये अहमदनगरजवळ औरंगजेब मेला तो हा मुलूख न जिंकताच. ज्यांना वाटते की अमात्यांनी धोरण मोडले ते चुकले, त्यांनी १६९० साली विशाळगडावर बसून दुसरे काय केले असते ते सांगावे. माझ्या मते त्यांना गत्यंतर नव्हते.

पण किंमत पडली, आणि ती रयतेवर पडली. एकाच वतनाला दोन दावेदार, एकाकडे मोगलांचा कागद, दुसऱ्याकडे मराठ्यांची सनद. दोघेही वसुलीला येणार. शिवाय सरंजामदाराची माणसे वेगळी, मोगलांची वेगळी. कुणब्याने एका वर्षात सारा किती वेळा द्यायचा? गावे ओस पडली. ती पुन्हा वसवायची तर कौल द्यावा लागे, म्हणजे पहिली काही वर्षे सारा माफ किंवा कमी, मग हळूहळू वाढवत पुऱ्या आकारावर न्यायचा. आणि दोन दावेदारांची ती भांडणे तर पिढ्यानपिढ्या चालली. लढाई संपली तरी वतनाचा वाद काही संपत नाही, आपल्याकडच्या कोर्टातल्या बांधाच्या दाव्यासारखा.

१६९८ च्या सुरुवातीला जिंजी पडली, राजाराम महाराज परत आले. दोनच वर्षांनी, मार्च १७०० मध्ये, सिंहगडावर त्यांचे निधन झाले. ताराबाईंनी लहान शिवाजीला गादीवर बसवून लढा चालू ठेवला. शाहूराजे १७०७ मध्ये सुटून आले आणि घरात दोन गाद्या झाल्या, साताऱ्याची आणि कोल्हापूरची. रामचंद्रपंत कोल्हापूरच्या बाजूने राहिले. १७१४ मध्ये कोल्हापुरात उलथापालथ होऊन ताराबाई आणि त्यांचा मुलगा कैदेत गेले आणि राजसबाईंचे चिरंजीव संभाजी गादीवर आले. या प्रकरणात अमात्यांचा हात होता असे इतिहासकार मानतात. म्हणजे माणूस नुसता साधुसंत नव्हता बरं का. सत्तेच्या खोलीत काय चालते ते आतून पाहिलेला, आणि वेळ पडली तर स्वतः करणारा.

पासष्टीच्या घरात, १७१५ च्या सुमारास, या नव्या तरुण राजाच्या काळात आज्ञापत्र तयार झाले. कागद राजाच्या आज्ञेच्या रूपातला आहे. कर्त्याविषयी काही अभ्यासकांनी शंका काढल्या, तरी तो रामचंद्रपंतांचा म्हणूनच पिढ्यानपिढ्या ओळखला जातो. राजाने कसे वागावे, प्रधान कसा असावा, सावकार, वतनदार, इनाम, गड, आरमार असे विषय त्यात एकामागून एक येतात. वाचताना कळते, हे पोथीतून उचललेले नाही. याला गडावरची टाकी माहीत आहेत, धान्याला उंदीर कसा लागतो ते माहीत आहे आणि देशमुख रात्री कोणाला भेटायला जातो तेही माहीत आहे.

वतनदारांवरचे प्रकरण त्यात सर्वांत झणझणीत. आपल्या शब्दात सांगायचे तर म्हणणे असे. देशमुख, देशकुळकर्णी, पाटील यांना नुसते हक्कदार समजू नका. हे आपापल्या जागी छोटे राजेच आहेत. आहे त्यात समाधान मानणे त्यांच्या स्वभावात नाही. बळ वाढले की आधी शेजाऱ्याचे ओढायचे, मग भावकीचे, मग सरकारचे. जागा मजबूत करायची, वाटा मारायच्या. आणि बाहेरचा शत्रू आला की वतनाच्या लोभाने पहिला सलूख करायला जाणारे हेच. जाताना मुलखाचा भेद घेऊन जाणारे हेच. १६८९-९० चे दिवस ज्याने विशाळगडावरून काढले त्याला हे कोणी शिकवायला नको होते.

मग करावे काय? इथे खरा कारभारी दिसतो. वतने बुडवा, असे तो म्हणत नाही. पिढीजात चालत आलेले तोडणे अन्यायाचे, आणि त्याने मुलूख पेटेल. पण मोकळेही सोडू नका. मायेने वागवा आणि धाकातही ठेवा. ठरलेला हक्क वेळेवर मिळू द्या, त्यावर दाणाही जास्त नको. कोट-बुरजाचा वाडा बांधू देऊ नका. रयतेकडून जादा उपटले तर दंड करा. थोडक्यात गोठ्यातल्या मारक्या बैलासारखे. वैरण नीट घाला, पण दावे सोडू नका. ही उपमा माझी आहे, अमात्यांची नव्हे.

इनामाबद्दल तर तो याहून कडक आहे. चाकराने चाकरी केली, त्याचा पगार घेतला, हिशेब मिटला. कोणी मोठा पराक्रम केला तर बक्षीस द्या, मानपान द्या, बढती द्या, पण जमीन वंशपरंपरा देऊ नका. का? तर पराक्रम बापाचा आणि उत्पन्न खाणार नातू-पणतू, ज्यांनी काहीच केलेले नाही. असे एकेक गाव देत गेले की राज्याचा वसूल तेवढा कमी होतो, वसूल कमी झाला की फौज कमी होते आणि शेवटी राजा नावाचा उरतो. धर्मादायाची जमीनसुद्धा हात राखून द्यावी असे त्याचे मत. जमीन हेच राज्य, ती वाटली तर राज्य वाटले.

हे लिहिताना पंतांच्या डोळ्यांपुढे स्वतःच्याच सनदा आल्या असतील का? आल्या असणारच. संकटात जे केले ते नेम म्हणून पुढे चालवू नका, असे नव्या राजाला सांगण्याची घाई त्या मजकुरात जाणवते. पण वेळ निघून गेली होती. तिकडे साताऱ्यात १७१३ पासून बाळाजी विश्वनाथ पेशवे झाले होते आणि सरदारांना सरंजाम वाटूनच राज्य वाढवायचे, ही रीत पक्की होत होती. त्या रीतीने मराठे दूरवर पोचले, खरे आहे. आणि पुढे शिंदे, होळकर, गायकवाड, भोसले आपापल्या मुलखाचे धनी झाले, एकमेकांविरुद्ध उभे राहिले, हेही खरे आहे.

टोपीकरांबद्दलचा इशाराही याच जातीचा. साहुकार म्हणजे राज्याची शोभा, त्यांना पेठा वसवून द्या, अडचणीत त्यांच्याकडूनच कर्ज मिळते, त्यांना फसवू नका, असे आज्ञापत्र सांगते. पण इंग्रज, पोर्तुगीज, फ्रेंच, वलंदेज हे साधे साहुकार नव्हेत. यांच्या मागे त्यांचे राजे आहेत आणि यांची नजर जमिनीवर आहे. यांना खाडीच्या तोंडाशी किंवा समुद्रकाठी जागा देऊ नका. द्यायचीच तर आत, सखल ठिकाणी, बेताची. पक्की इमारत बांधू देऊ नका. प्लासीच्या लढाईच्या चाळीस वर्षे आधीचे हे लिखाण आहे, एवढे लक्षात घेतले तरी पुरे.

आता कारभाराच्या बारीक गोष्टींकडे येऊ. यात गावच्या माणसाला घेण्यासारखे फार आहे.

गडावरच्या अधिकाऱ्यांच्या बदल्या बघा. हवालदार तीन वर्षांनी, सरनौबत चार वर्षांनी, सबनीस आणि कारखानीस पाच वर्षांनी बदलावा, असा नेम आज्ञापत्रात आहे. सगळे एकदम बदलायचे नाहीत, म्हणजे नव्या माणसाला जुन्याची माहिती मिळते. आणि कोणी एकाच जागी मुळे धरत नाही. महाराष्ट्र शासनाने २००५ साली बदल्यांचा कायदा केला, त्यातही सर्वसाधारण मुदत तीन वर्षांचीच धरली. जागा सोडवत नाही म्हणून मंत्रालयापर्यंत धावणाऱ्यांनी हा योगायोग ध्यानात ठेवावा.

पाण्याचे तसेच. गड बांधायचा तर आधी पाणी बघा, मग चिरा रचा. पाणी नसेल तर खडक फोडून टाकी करा. एका झऱ्यावर विसंबू नका, कारण लढाईत तोफांच्या दणक्याने झरे आटतात. साठवणीची टाकी वेगळी पाहिजेत आणि ते पाणी जपून वापरले पाहिजे. गडावर जी झाडे आहेत, आंबा, चिंच, वड, पिंपळ, लिंबू, काही असो, एकही विनाकारण तोडायचे नाही. वाटेवर, बाजारात, तटाखाली केर टाकायचा नाही. केर जाळायचा आणि ती राख परसात घालून भाजीपाला काढायचा. २००० साली संत गाडगेबाबांच्या नावे ग्रामस्वच्छता अभियान निघाले आणि गावोगावी लोकांनी झाडू हातात घेतले. तीनशे वर्षांमागे गडावरच्या हवालदाराला हीच ताकीद होती.

आणि आंबा-फणसाची गोष्ट. आरमाराला लाकूड लागते. गलबते, त्यांच्या डोलकाठ्या. जंगलातले सागवान परवानगीने तोडा, कमी पडले तर परमुलखातून विकत आणा. आंबा आणि फणसही गलबताच्या कामाचे, पण त्यांना हात लावायचा नाही. का, ते पंतांनी कुणब्याच्या अंगणात उभे राहून सांगितले आहे. हे झाड वर्षा-दोन वर्षांत होत नाही. रयतेने ते लावून, पाणी घालून, लेकरासारखे वाढवलेले असते. ते तोडले तर त्या घरच्या दुःखाला पार राहत नाही. दुसऱ्याला रडवून केलेले काम करणाऱ्यासकट थोड्याच काळात बुडते. एखादे झाड फारच जीर्ण, कामातून गेलेले असेल, तर धन्याला राजी करून, किंमत देऊन मगच घ्या. जुलमाने घ्यायचे नाही.

मंडळी, हा काही दयाधर्माचा उपदेश नाही, जमाखर्च बघणाऱ्या माणसाचा हिशेब आहे. आरमार राज्याचे, गरज राज्याची, हुकूम द्यायला राजा मोकळा. तरीही त्याने सरकारी कामाला कुणब्याच्या बांधावर थांबवले, कारण शिपाई परत भरती करता येतात, गलबत दुसरे बांधता येते, पण रयतेचा विश्वास एकदा उडाला की ती गाव सोडून जाते, आणि ओस गावातून सारा येत नाही. महाराष्ट्रात १९६४ साली झाडेतोडीवर नियमन आणणारा कायदा झाला तेव्हा त्याच्या यादीत आंबा आणि फणस दोन्ही होते. रस्त्यासाठी, कालव्यासाठी, धरणासाठी ज्यांच्या बागा गेल्या त्यांनी आपल्याला आधी कोणी विचारले का, किंमत किती आणि कधी मिळाली, ते आठवून पाहावे. आणि पंचनाम्याला जाणाऱ्या भाऊसाहेबांनीही झाडांची मोजणी करताना घाई करू नये. कागदावर ते एक झाड असते, घरात ते आजोबांचे नाव असते.

पंतांचे मोठेपण सांगताना एक खटकणारी गोष्ट लपवून चालणार नाही. जहागिरी-इनामांचा धोका सांगणाऱ्या अमात्यांच्या स्वतःच्या घराण्याकडे बावड्याची जहागीर होती. घाटमाथ्यावरचे ते गगनबावडे, पावसाचे आणि जंगलाचे. हुकमतपनाह हा किताब त्या घराण्याने पुढे मिरवला आणि जहागीर कोल्हापूर संस्थानाखाली पिढ्यानपिढ्या चालली. याला ढोंग म्हणावे का? मला तसे वाटत नाही. पण सल्ला देणाऱ्यालाही आपल्या काळाच्या चौकटीबाहेर उडी मारता आली नाही, हे मात्र दिसते. वतनदाराला ताब्यात ठेवा, एवढेच त्याला सुचले. वतनच नको, असे म्हणायला अजून दोनशे वर्षे लागायची होती.

रामचंद्रपंत १७१६ मध्ये पन्हाळ्यावर वारले. गडावर त्यांची समाधी आहे. तबक उद्यान, तीन दरवाजा बघून लोक झुणका-भाकर खातात आणि खाली उतरतात, समाधीकडे थोडेच वळतात.

वतनांचे पुढे काय झाले ते तुमच्यातल्या जुन्या माणसांना ठाऊक आहे. इंग्रज आले, त्यांनीही वतनदारांना सोबत घेऊनच कारभार हाकला. कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी १९१८ मध्ये कुळकर्णी वतने काढली आणि पगारी तलाठी नेमले. त्याच वर्षी महार वतनाच्या जमिनी रयतावा करून त्या लोकांना वेठीतून मोकळे करण्याचा हुकूम दिला. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. १९५० च्या कायद्याने मुंबई राज्यातली परगणा आणि कुळकर्णी वतने गेली, १९५८ च्या कायद्याने गावकामगारांची कनिष्ठ वतने गेली आणि १९६२ च्या कायद्याने मुलकी पाटीलकीही गेली. १९६७ च्या कायद्यापासून पोलीस पाटील ठराविक मुदतीसाठी, अर्ज आणि चौकशी होऊन नेमला जाऊ लागला.